मुरलेला धातू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील खेड्यांत जुनी माणसे अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्याला आजही जर्मनचे भांडे म्हणतात. जर्मनचे पातेले, जर्मनचा डबा, जर्मनची परात. लहानपणी मला वाटे की ही भांडी आगबोटीतून थेट जर्मनीहून येत असावीत. तसे काही नाही हे पुढे कळले. परंतु या धातूच्या इतिहासात एक जर्मन माणूस खरोखरच आहे, आणि त्याने जे केले त्यामुळे डबे-पातेल्यांचा हा मऊ धातू विमानाच्या पंखांत जाऊन बसला. त्याचे नाव आल्फ्रेड विल्म. धातुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे नाव पाठ असते. आपल्या कला शाखेत मात्र ते क्वचितच कानावर येते. म्हणून या माणसाची कथा वार्षिकांकाच्या वाचकांपुढे ठेवण्याचे मी योजले आहे.

मी कला शाखेच्या तृतीय वर्षाची विद्यार्थिनी. धातूंशी माझा संबंध घरच्या भांड्यांपुरता. विल्मची ओळख मला माझ्या चुलतभावाने करून दिली. आम्ही सारे त्याला दादा म्हणतो. त्याने पुण्याला धातुशास्त्रातील अभियांत्रिकीची पदवी घेतली, काही वर्षे एका ओतशाळेत नोकरी केली, आणि काकांना अर्धांगवायू झाल्यावर तो मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावी परत आला. आज तो शेती पाहतो. त्याच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. आधी विल्म.

अ‍ॅल्युमिनियम हा धातू पृथ्वीच्या कवचात सर्व धातूंपेक्षा अधिक आहे. लोणारच्या विवराच्या काठावरील काळ्या बेसाल्ट खडकात तो आहे, त्या खडकापासून झालेल्या आपल्या काळ्या जमिनीतही तो आहे. पण तो प्राणवायूला इतका घट्ट धरून बसतो की माणसाला हजारो वर्षे त्याचा पत्ताच लागला नाही. १८२५ साली डेन्मार्कच्या अर्स्टेडने तो प्रथम वेगळा केला. त्यानंतरही तो कित्येक वर्षे चांदीसारखा मौल्यवान राहिला. १८८४ साली वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभाच्या टोकावर जो छोटा पिरॅमिड बसवला तो अ‍ॅल्युमिनियमचा, सुमारे २.८ किलो वजनाचा होता, आणि तो मोठ्या कौतुकाने आधी लोकांना दाखवला गेला. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांनी एकमेकांना न ओळखता विजेच्या साहाय्याने हा धातू काढण्याची एकच रीत शोधली, आणि भाव कोसळला. राजवाड्यातला धातू स्वयंपाकघरात आला.

स्वस्त झाला, हलका होता, गंजून खपल्या पडत नव्हत्या. तरी एक उणीव राहिलीच. तो मऊ होता. लोखंडाच्या जेमतेम एक तृतीयांश वजनाचा हा धातू यंत्रात वापरायला कोणाला आवडला नसता? परंतु भार पडला की तो वाकत असे. थोडे तांबे, थोडे जस्त मिसळून पाहिले तर जरा बळ येई; पण पोलादाची सर येत नसे. विल्मच्या आयुष्याचा मुख्य भाग या एका उणिवेशी झगडण्यात गेला.

आल्फ्रेड विल्मचा जन्म २५ जून १८६९ रोजी सायलेशिया प्रांतातील नीडरशेलेंडॉर्फ या खेड्यात झाला. तेव्हा तो भाग प्रशियात होता. आज तो पोलंडमध्ये मोडतो. रसायनशास्त्राचा अभ्यास करून तो काही काळ एसेन येथील गोल्डश्मिट यांच्या रसायन कारखान्यात होता. १९०१ साली बर्लिनजवळ नॉयबाबेल्सबर्ग येथील एका मध्यवर्ती संशोधनशाळेत तो धातूंचे काम पाहू लागला. तिथे त्याच्यापुढे आलेला प्रश्न शास्त्रापेक्षा लष्कराचा होता. बंदुकीच्या गोळीचे पुंगळे पितळेचे असत. पितळ जड आणि महाग. त्याऐवजी पितळेइतके मजबूत असे हलके अ‍ॅल्युमिनियम मिळेल काय, असे शस्त्रे तयार करणाऱ्या कारखानदारांना हवे होते. आज ज्या धातूतून माणसे आकाशातून प्रवास करतात त्याच्या जन्माचे कारण हे असे होते. ते लपवण्यात अर्थ नाही.

विल्मने प्रथम जो मार्ग धरला तो आपल्या गावच्या लोहारालाही सुचला असता. लोहार विळा किंवा वखराची पास भट्टीत लाल होईपर्यंत तापवतो आणि पाण्यात बुडवतो. चर्र असा आवाज होतो आणि धार कठीण होते. यालाच आपण पाणी देणे म्हणतो. चांगल्या पोलादाला पाणी दिले की कठीणपणा त्याच क्षणी येतो. उशीर नाही, वाट पाहणे नाही. मग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूला पाणी दिले तर? विल्मने तांबे मिसळलेले अ‍ॅल्युमिनियम तापवून एकदम थंड करण्याचे प्रयोग केले. काही फायदा दिसला, आणि १९०३ मध्ये त्याने त्याचे पेटंटही घेतले. पण पितळेची जागा घेण्याइतके बळ आले नव्हते. तो थांबला नाही. तांब्याचे प्रमाण कमीजास्त करून पाहा, दुसरा एखादा धातू चिमूटभर घालून पाहा, तापमान बदलून पाहा, असे त्याचे चालले होते. अशी वर्षे चरित्रग्रंथांत एका ओळीत उरकतात. प्रत्यक्षात ती तीन वर्षे होती.

१९०६ साल उजाडले. सप्टेंबर महिना होता. विल्मच्या हाती जो मिश्रधातू होता त्यात सुमारे ४ टक्के तांबे आणि अर्धा टक्का मॅग्नेशियम होते, बाकी अ‍ॅल्युमिनियम. पत्र्याचे तुकडे क्षारांच्या वितळलेल्या द्रवात सुमारे ५२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड करण्यात आले. तो शनिवार होता. यापुढचा प्रसंग धातुशास्त्राच्या वर्गांत पिढ्यान्पिढ्या सांगितला जातो. विल्मचा जाब्लोन्स्की नावाचा सहाय्यक होता. त्याला सुट्टीपूर्वी घरी जाण्याची घाई होती. दोघांनी घाईघाईने तुकड्याचा कठीणपणा मोजला. विशेष काही आढळले नाही. उरलेली मोजणी सोमवारवर टाकून ते गेले.

सोमवारी तोच तुकडा पुन्हा मोजायला घेतला, तर आकडा कितीतरी वर गेलेला. तुकड्याला कोणी हात लावला नव्हता, तापवले नव्हते, ठोकले नव्हते. तो नुसता टेबलावर पडून होता. मोजण्याचे यंत्र बिघडले असावे हा पहिला संशय येणे स्वाभाविकच होते. यंत्र तपासले, ते ठीक होते. मग विल्मने नवे तुकडे घेतले, तापवले, थंड केले आणि तासातासाने, दिवसादिवसाने मोजत राहिला. पाण्यातून काढल्या काढल्या धातू मऊ असे. दोन-तीन तासांनी कठीणपणा वाढू लागे. चार-पाच दिवसांत तो बराचसा पूर्ण होई आणि मग जवळजवळ स्थिर राही. पोलादापेक्षा हे सर्वस्वी निराळे होते. हा धातू पाणी दिल्यावर लगेच कठीण होत नव्हता. तो मुरत होता.

मुरणे हा शब्द माझा. लोणचे घातल्या दिवशी चाखले तर कैरी कैरीसारखी आणि मीठ मिठासारखे लागते. बरणी झाकून ठेवली की आत काहीतरी चालू राहते आणि काही दिवसांनी त्याच बरणीत निराळा पदार्थ असतो. धातूच्या बाबतीत असे काही घडू शकते हे विल्मपूर्वी कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शनिवार-सोमवारची कथा ऐकून कित्येकांना वाटते की हा निव्वळ नशिबाचा खेळ. मला तसे वाटत नाही. नशिबाने एक चमत्कारिक आकडा हाती दिला, एवढेच. तो चुकीचा म्हणून वहीतून खोडून टाकणे अगदी सोपे होते, आणि जगातील पुष्कळ प्रयोगशाळांत असे आकडे खोडले जात असतील. विल्मने तो खोडला नाही, त्याचा पाठलाग केला.

तरीही एक गोष्ट त्याला अखेरपर्यंत साधली नाही. असे का होते, हे त्याला सांगता येईना. मऊ तुकडा आणि मुरलेला तुकडा दोन्ही घासून, चकचकीत करून त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. दोन्ही सारखेच दिसत. १९११ साली त्याने आपले प्रयोग जर्मन नियतकालिकात प्रसिद्ध केले तेव्हा काय घडते ते त्याने नीट मांडले. परंतु का घडते याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते, आणि नसलेले उत्तर असल्याचा आव त्याने आणला नाही.

दरम्यान व्यवहार पुढे गेला होता. १९०९ साली विल्मने या मिश्रधातूचे पेटंट घेतले, आणि ड्यूरेन या गावातील धातू कारखान्याने तो तयार करण्याचा परवाना मिळवला. गावाचे नाव आणि अ‍ॅल्युमिनियम हे दोन शब्द जोडून धातूचे बारसे झाले: ड्युरॅल्युमिन. हा धातू शुद्ध अ‍ॅल्युमिनियमच्या कितीतरी पट मजबूत, आणि वजनाला जवळजवळ तेवढाच. इंग्लंडमधील व्हिकर्स कंपनीने तो घेऊन आरमारासाठी एक प्रचंड हवाई जहाज बांधले. ते सप्टेंबर १९११ मध्ये उड्डाणापूर्वीच मधोमध मोडले. त्यामुळे धातूवरचा विश्वास मात्र उडाला नाही. जर्मनीत झेपेलिन जहाजांचा सांगाडा १९१४ पासून ड्युरॅल्युमिनचा होऊ लागला. पहिले महायुद्ध पेटले होते, आणि त्या जहाजांनी लंडनवर बाँब टाकले हेही नमूद केले पाहिजे.

युद्ध संपले. २५ जून १९१९ रोजी जर्मनीत युंकर्स एफ १३ या विमानाने प्रथम उड्डाण केले. प्रवाशांसाठी बांधलेले ते जगातील पहिले संपूर्ण धातूचे विमान, आणि त्याचा धातू होता ड्युरॅल्युमिन. तारीख पुन्हा पाहा. त्या दिवशी आल्फ्रेड विल्मला बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. तीनच दिवसांनी व्हर्सायच्या तहावर सह्या झाल्या आणि जर्मनीच्या विमान-उद्योगावर कडक बंधने आली.

आणि त्याच १९१९ साली विल्मने धातूंचे संशोधन कायमचे सोडले. तो सायलेशियाला, आपल्या जन्मप्रांतात परतला. रीसेनगेबिर्गे पर्वताच्या उतारावर साल्बर्ग नावाचे खेडे आहे. तिथे तो शेती करू लागला. पुढची अठरा वर्षे तो तिथेच राहिला.

इथे विल्मला थोडा वेळ त्याच्या शेतावर सोडून आपण त्याच्या धातूच्या पोटात शिरू. कारण ज्या वर्षी त्याने प्रयोगशाळेचे दार लावले, नेमक्या त्याच वर्षी त्याच्या कोड्याचा पहिला उलगडा वॉशिंग्टनमध्ये झाला. मेरिका, वॉल्टेनबर्ग आणि स्कॉट या अमेरिकेच्या मानक संस्थेतील तिघांनी तो केला. दादाने मला तो समजावला तो फळवाल्याच्या गाड्यावरून आणि आजीच्या पाकावरून. मीही तसाच सांगते.

मोसंबी विकणारा आपली फळे कशी रचतो ते आठवा. एक थर, त्याच्या खळग्यांत दुसरा थर, त्यावर तिसरा. मधल्या प्रत्येक फळाला बारा शेजारी असतात: सहा आजूबाजूला, तीन वर, तीन खाली. अ‍ॅल्युमिनियमचे अणू असेच रचलेले असतात. या नियमबद्ध रचनेला स्फटिक म्हणतात. आपल्याला स्फटिक म्हटले की खडीसाखर आठवते. पण पातेल्याचा पत्राही असंख्य बारीक स्फटिकांचाच असतो. आता, असे थर एकमेकांवरून सहज घसरतात. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते ते या घसरण्यामुळे. धातू कठीण करायचा म्हणजे हे थर घसरू नयेत अशी व्यवस्था करायची.

तांब्याचा अणू अ‍ॅल्युमिनियमच्या अणूपेक्षा सुमारे एक दशांशाने लहान. मोसंब्यांच्या राशीत अधूनमधून संत्रे बसवावे तसा तो बसतो. धातू घनच राहतो, पण तांबे त्यात विरघळलेले असते; याला घन द्रावण म्हणतात. मात्र किती तांबे मावेल हे उष्णतेवर ठरते. ५४८ अंशांना अ‍ॅल्युमिनियममध्ये ५.६५ टक्क्यांपर्यंत तांबे मावते. खाली नेहमीच्या तापमानाला अर्धा टक्काही मावत नाही. आजी पाक करते तेव्हा गरम पाण्यात खूप साखर विरते. पाक निवला की जास्तीची साखर दाण्यांच्या रूपाने बाहेर पडते. तसेच हे. कोणत्या तापमानाला कोणत्या मिश्रणात काय कशाच्या रूपात असेल हे धातुशास्त्रज्ञ एका आलेखावर मांडतात. त्याला अवस्थाचित्र म्हणतात. आडव्या रेषेवर तांब्याचे प्रमाण, उभ्या रेषेवर तापमान, आणि मध्ये प्रदेशांच्या सीमा. आपल्याकडे जमिनीचा नकाशा असतो, त्यांच्याकडे हा मिश्रधातूचा नकाशा. मेरिका आणि त्याच्या सोबत्यांनी दाखवले की विल्मच्या धातूचे रहस्य या नकाशातील एका तिरप्या सीमेत आहे.

विल्मचा तुकडा ५२० अंशांना होता तेव्हा त्यातील ४ टक्के तांबे सगळे विरलेले होते. सावकाश निवू दिले असते तर तांब्याचे अणू सवडीने एकत्र येऊन त्यांचे वेगळे स्फटिक बनले असते. एका तांब्याच्या अणूमागे दोन अ‍ॅल्युमिनियमचे अणू, अशी त्यांची घडण. चौरस तळाची पण निराळ्या उंचीची पेटी असावी तशी. पण विल्मने तुकडा एकदम थंड केला. अणूंना हलायला वेळच मिळाला नाही. जिथे होते तिथेच, गर्दीत अडकल्यासारखे ते अडकून पडले. मावण्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक तांबे अ‍ॅल्युमिनियमच्या पोटात राहिले. हा तुकडा बाहेरून शांत दिसला तरी आतून अस्वस्थ असतो. एकदम थंड करताना स्फटिकात काही जागा रिकाम्याही राहून जातात, आणि त्या रिकाम्या जागांतून तांब्याचे अणू हळूहळू सरकू लागतात. भरलेल्या एस.टी.त एखादी जागा सुटली की माणसे जशी पुढे सरकतात तसे. सरकत सरकत ते एकमेकांना भेटतात आणि असंख्य ठिकाणी बारीक बारीक टोळकी जमतात. थर घसरू लागला की त्या टोळक्यांशी अडतो. शनिवार ते सोमवार विल्मच्या टेबलावर हेच चालले होते.

ही टोळकी इतकी लहान की प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ती कधीच दिसली नसती. त्यामुळे विल्मला दोन्ही तुकडे सारखे दिसले. ती दिसण्यासाठी क्ष-किरणांची गरज होती. स्फटिकातून क्ष-किरण पाठवून अणूंची रचना ओळखण्याचे शास्त्र १९१२-१३ मध्ये लाउए आणि ब्रॅग पितापुत्र यांच्या कामातून जन्मले. त्याच शास्त्राच्या आधारे फ्रान्समध्ये गिन्ये आणि इंग्लंडमध्ये प्रेस्टन यांनी, दोघांनी स्वतंत्रपणे, ती टोळकी पकडली. ती तांब्याच्या अणूंच्या चकत्यांसारखी होती, जाडी अवघी एका अणूची. आज त्यांना गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे म्हणतात. पुढे असेही कळले की धातू अधिक उष्णतेवर जास्त काळ ठेवला तर चकत्या जाड होत जातात, टप्प्याटप्प्याने रूप बदलतात, संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या होतात, आणि धातू पुन्हा मऊ पडतो. लोणच्यासारखेच, मुरण्यालाही मर्यादा असते.

गिन्ये आणि प्रेस्टन यांचे लेख प्रसिद्ध झाले १९३८ मध्ये. विल्म साल्बर्गला ६ ऑगस्ट १९३७ रोजी वारला होता. त्याच्या मृत्यूच्या बरोबर तीन महिने आधी, ६ मे रोजी, ड्युरॅल्युमिनच्या सांगाड्याचे हिंडेनबुर्ग हे महाकाय हवाई जहाज अमेरिकेत उतरताना जळून खाक झाले होते. त्याच्या धातूत काय मुरत होते हे माणसाने प्रथम पाहिले तेव्हा तो वर्षभरापूर्वीच मातीआड गेला होता.

आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९४ साली अमेरिकेतील संशोधकांनी राइट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या पहिल्या विमानाच्या एंजिनातील धातू तपासला. ते अ‍ॅल्युमिनियमचे ओतीव होते, त्यात ८ टक्के तांबे होते, आणि त्या धातूत गिन्ये-प्रेस्टन क्षेत्रे सापडली. म्हणजे विल्मच्या सोमवारच्या जवळजवळ तीन वर्षे आधी, मनुष्याच्या पहिल्या उड्डाणातच हा धातू मुरलेला होता. राइट बंधूंना ते ठाऊक नव्हते. घडत पुष्कळ काही असते. कोणीतरी ते थांबून पाहावे लागते.

विल्मच्या धातूचे पुढचे वंशज फार झाले. तांब्याऐवजी जस्त आणि मॅग्नेशियम, किंवा मॅग्नेशियम आणि सिलिकॉन घालूनही अ‍ॅल्युमिनियम मुरवता येते. शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या काही तारा अशाच मुरवलेल्या मिश्रधातूच्या असतात. विमान कारखान्यांत तर या धातूचे रिव्हेट तापवून, थंड करून बर्फाच्या पेटीत ठेवण्याची पद्धत पडली, कारण थंडीत मुरणे लांबते. मऊ असतानाच ते ठोकायचे आणि मग विमानाच्या अंगावर त्यांनी निवांत कठीण व्हायचे. आपल्या देशात विमाने बांधण्याचे स्वप्न प्रथम प्रत्यक्षात आणले ते सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी. त्यांच्या पुढाकाराने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे जुळवलेले विमान उडाले. आज कोल्हापूरकडच्या पठारांवर या धातूचे खनिज निघते आणि नागपूरला त्याच्या संशोधनाची केंद्र सरकारची संस्था आहे. विल्मने आमचा महाराष्ट्र पाहिला नव्हता, पण त्याच्या सोमवारचे धागे इथवर येऊन पोहोचले आहेत.

आता दादाविषयी. तो गावी परतला तेव्हा पारावर काय काय बोलले गेले ते मी ऐकले आहे. एवढे शिकून शेवटी वखरच धरायचा होता तर बापाचा पैसा कशाला घालवला, असा त्या बोलण्याचा रोख. बोलणारे वाईट नव्हते. आपल्याकडे सोयाबीन आणि कापसाच्या भावाने, आणि पावसाच्या लहरीने, शेतीची जी दशा केली आहे ती पाहता शिकलेल्या मुलाने तिच्याकडे परत येणे म्हणजे हार, असेच कोणालाही वाटावे. दादा उत्तर देत नसे. एका संध्याकाळी लोहाराच्या भात्यापाशी पास शेवटायला बसलो असताना मी त्याला ओतशाळेत काय करत होतास म्हणून विचारले, आणि त्याने मला विल्म सांगितला. सांगताना त्याने विल्मच्या शेवटच्या अठरा वर्षांवर काही भाष्य केले नाही. मीच त्यावर विचार करत बसले.

विल्मचे चरित्र वाचणारे पुष्कळ जण ती अठरा वर्षे त्याच्या आयुष्याचा उतार समजतात. एवढा मोठा शोध लावणारा माणूस, आणि अखेर डोंगराच्या कुशीत शेतकरी! मला प्रश्न पडतो, शेतकरी होणे हा उतार कोणी ठरवला? पाण्यातून काढलेला तुकडा मऊ दिसतो म्हणून तो टाकून द्यायचा नसतो हे ज्याने जगाला दाखवले, त्याला पेरलेले उगवून येईपर्यंत वाट पाहणे जड गेले असेल असे मला वाटत नाही. बी आणि मिश्रधातू यांत मोठे अंतर आहे, हे मी जाणते. पण दोन्हीकडे माणसाच्या हातात योग्य प्रमाण, योग्य ऊब आणि योग्य वेळ एवढेच असते. आतले काम आतच होते.

दादाने गेल्या खरिपात माती तपासून घेतली. ओळींतले अंतर, बियाण्याचे प्रमाण, पावसाच्या तारखा हे सारे तो एका वहीत लिहितो. ज्या वाफ्यात पीक अपेक्षेपेक्षा निराळे आले त्याच्यासमोर तो खूण करतो आणि पुढच्या हंगामात तोच वाफा पुन्हा पाहतो. ती वही मी पाहिली आहे. एकही आकडा खोडलेला नाही. त्याच्या शेतीला यश येईल की नाही हे पाऊस आणि बाजार ठरवतील. पण त्याचे शिक्षण वाया गेले असे आता माझ्यासमोर कोणी म्हटले, तर मी गप्प बसत नाही.

मित्रहो, आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्यातील पुष्कळांना पदवीनंतर काय, हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. परीक्षेचा निकाल लागताच माणसाचा कठीणपणा मोजण्याची आपल्या समाजाला घाई असते. शनिवारी दुपारी मोजतात आणि आकडा लिहून मोकळे होतात. सोमवारी पुन्हा मोजायला फार थोडे जण येतात. आल्फ्रेड विल्म आला, म्हणून मऊ धातू आकाशात गेला. आपणही एकमेकांना तेवढी सवड द्यावी, एवढेच मला सांगायचे आहे.